पऱ्हाटीचा कोळसा आणि बॅटरीचा कार्बन: मशीन घेण्याआधी वाचायचा धडा



या अंकातला धडा माझ्या एका चुकीतून निघाला आहे, म्हणून आधी चूक सांगते.

दिवाळीनंतरच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. शेतातल्या काडीकचऱ्यापासून कार्बन बनतो आणि तो गाडीच्या बॅटरीत जातो, असा. व्हिडिओ खोटा नव्हता. पण मी तो दोन मिनिटं दाखवला आणि पुढच्या विषयाकडे गेले. समजावून काहीच सांगितलं नाही.

महिन्याभरात एका गटाकडे एक विक्रेता आला. "बॅटरी कार्बन मशीन", किंमत तीन लाख. तुम्ही पऱ्हाटी जाळा, तयार झालेला कोळसा आम्ही दीडशे रुपये किलोनं परत घेऊ, असं तोंडी आश्वासन. गटानं ग्रामसंघाकडे तीन लाखांच्या कर्जाची मागणी ठेवली आणि ठरावात लिहिलं, "मॅडमनी व्हिडिओ दाखवला होता." बैठकीत सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

तेवढ्यात मागे बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "पण बाई, हा कोळसा घेईल कोण? त्याचं बॅटरीत होते काय?"

मला दोन्हींचं उत्तर देता आलं नाही. मी समाजकार्य शिकलेली. रसायनशास्त्र बारावीत सुटलं ते सुटलंच. मग पंधरा दिवस वाचलं, जाणकारांना विचारलं. जे समजलं ते आपल्या भाषेत खाली देते. गटाच्या बैठकीत कुणीतरी मोठ्यानं वाचावं आणि शेवटच्या प्रश्नांवर सगळ्यांनी बोलावं.

१. बॅटरीत कार्बनचं काम काय?

मोबाइलची बॅटरी आपण रोज चार्ज करतो. चार्जिंग म्हणजे खालच्या हौदातलं पाणी मोटर लावून वरच्या टाकीत चढवण्यासारखं आहे. टाकी भरली की नळ सोडायचा आणि पाणी वापरायचं. बॅटरीत पाण्याच्या जागी लिथियम नावाच्या धातूचे विजेचा भार असलेले अगदी सूक्ष्म कण असतात. चार्ज करताना ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात, वापरताना परत येतात. जिथं ते जाऊन बसतात ती "वरची टाकी" कार्बनची असते. तिला अ‍ॅनोड म्हणतात.

अशी लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीनं पहिल्यांदा बाजारात आणली. या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. आजच्या बहुतेक मोबाइलच्या बॅटरीत अ‍ॅनोडसाठी ग्राफाइट वापरतात. ग्राफाइट हासुद्धा कार्बनच. शिसपेन्सिलीतलं जे शिसं म्हणतो ना, तेच.

मग आपल्या काडीकचऱ्याची गरज कुठं पडली? लिथियम आपल्या देशाला बाहेरून आणावं लागतं आणि ते महाग आहे. म्हणून आता सोडियमच्या बॅटरीवर जगभर काम चाललं आहे. सोडियम आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठातसुद्धा आहे, त्याला तोटा नाही. अडचण एकच. सोडियमचा कण लिथियमपेक्षा मोठा असतो आणि तो ग्राफाइटमध्ये नीट बसत नाही.

ग्राफाइट म्हणजे चपात्यांची नीट रचलेली चवड समजा. दोन चपात्यांमध्ये जागा अगदी कमी. आता भाजलेल्या पापडांचा ढीग डोळ्यांपुढे आणा. एक वाकडा, एक दुमडलेला, मध्ये मध्ये पोकळ्या. अशा वाकड्यातिकड्या रचनेच्या कार्बनला हार्ड कार्बन म्हणतात. त्याच्या थरांत आणि पोकळ्यांत सोडियम बसू शकतो. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या स्टीव्हन्स आणि डान या संशोधकांनी २००० मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी तो कार्बन ग्लुकोजपासून, म्हणजे एका साखरेपासून, बनवला होता.

२. झाडाचाच कचरा का?

पऱ्हाटीची एक जाड काडी आडवी कापून उजेडात धरा. बारीक बारीक भोकं दिसतील. मुळाकडून पानाकडे पाणी नेणाऱ्या या नळ्या. काडी हवेशिवाय तापवली तर तिच्यातलं पाणी, वायू आणि डांबर निघून जातं, कार्बन मागे राहतो आणि नळ्यांचा आकारही बराचसा तसाच राहतो. म्हणजे भोकं पाडायचं अर्धं काम झाडानं आधीच केलेलं असतं.

डोळ्यांना दिसणाऱ्या या भोकांशिवाय कार्बनात त्याहून फार लहान छिद्रं तयार होतात. इतकी लहान, की आपल्या केसाच्या जाडीचे चाळीस हजार भाग केले तर एक भाग साधारण त्या छिद्राएवढा भरेल. अशी छिद्रं असंख्य असली की आतली सगळी भिंत मोजता क्षेत्रफळ प्रचंड होतं. काही सच्छिद्र कार्बनांत एका ग्रॅमला हजार चौरस मीटरहून जास्त. आपल्या हिशेबात सांगायचं तर चिमूटभर काळ्या भुकटीच्या पोटात दहा गुंठे रान.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही झालं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडाच्या वाळलेल्या पानांपासून असा सच्छिद्र कार्बन बनवला. त्यांचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो कार्बन सुपरकपॅसिटरसाठी होता. सुपरकपॅसिटर ही बॅटरीची चुलत बहीण. वीज झटकन घेते आणि झटकन देते, पण साठवते कमी. पुढं डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्याच केपीआयटी कंपनीनं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. त्यात आयसर पुणे या संस्थेतल्या डॉ. ओगले यांच्या गटाचा सहभाग होता.

बाहेरच्या देशांतही सुरू आहे. जपानची कुरारे कंपनी वनस्पतींपासून केलेला हार्ड कार्बन विकते. फिनलंडमध्ये स्टोरा एन्सो या कंपनीनं लाकडातल्या लिग्निनपासून बॅटरीचा कार्बन बनवण्यावर काम केलं आहे. लिग्निन म्हणजे लाकडाला टणकपणा देणारा भाग. तो आपल्या पऱ्हाटीत आणि तुराटीतही असतो.

म्हणजे व्हिडिओतली गोष्ट खरी आहे. आता पुढचा भाग जास्त लक्ष देऊन वाचा.

३. कोळसा आणि बॅटरीचा कार्बन: मधल्या पायऱ्या

पहिली पायरी: कचरा निवडणं, माती झटकणं, धुणं, पूर्ण वाळवणं.

दुसरी पायरी: हवा लागू न देता साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला तापवणं. यातून कोळसा होतो. हे गावात जमतं.

तिसरी पायरी: कोळसा दळून अॅसिडनं धुणं. झाडानं मातीतून घेतलेली खनिजं कोळशात राहतात. ती काढली नाहीत तर बॅटरी बिघडते.

चौथी पायरी: पुन्हा तापवणं, या वेळी १००० ते १५०० अंशांपर्यंत. सोनं १०६४ अंशांना वितळतं, यावरून अंदाज करा. आणि हे सगळं नायट्रोजन किंवा आरगॉन वायू भरलेल्या बंद भट्टीत. तिथं हवा शिरली तर कार्बन जळून राखच उरते.

पाचवी पायरी: पिठाहून बारीक, एकसारखी भुकटी करणं, तपासणं आणि धातूच्या पातळ पत्र्यावर तिचा लेप देणं.

यात आणखी एक मेख आहे. छिद्रं जितकी जास्त तितका माल चांगला, असं सरसकट नाही. सुपरकपॅसिटरला उघडी छिद्रं लागतात. सोडियमच्या बॅटरीत उघडी छिद्रं फार असली तर पहिल्याच चार्जिंगला बराच सोडियम तिथं अडकून वाया जातो. तिला आतून बंद असलेल्या पोकळ्या लागतात. त्या जमवायला भट्टीचं तापमान नेमकं सांभाळावं लागतं. हे यंत्रावर मोजून करायचं काम आहे, डोळ्यांनी बघून होत नाही.

विक्रेत्यानं दिलेल्या कागदावरचं चित्र मी या धड्यासाठी पुन्हा बघितलं. लोखंडी ड्रम, वर धुराडं, खाली जाळ. ही कोळशाची भट्टी आहे. कोळसा पाडायची भट्टी वाईट नाही. पण ती दुसऱ्या पायरीवर थांबते. तिला बॅटरीचं मशीन म्हणणं म्हणजे कापूस वेचला आणि लुगडं विणलं म्हणण्यासारखं आहे.

आणि तायांनो, तिसऱ्या पायरीचं अॅसिड किंवा छिद्रं वाढवायला वापरतात तो तीव्र क्षार घरी आणून प्रयोग करायचा नाही. कातडी जळते, डोळा जातो. कुणी "सोपं आहे ताई" म्हणालं तरी नाही.

४. हिशेब करून पाहू

खालचे आकडे समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे घालून हिशेब पुन्हा करा.

कर्ज तीन लाख, व्याज महिना एक टक्का, फेड २४ महिन्यांत. हप्ता येतो साधारण १४ हजार. गटात दहा जणी, तर एकीच्या वाट्याला महिना १४०० रुपये.

साध्या भट्टीत १०० किलो वाळक्या पऱ्हाटीतून साधारण २० ते २५ किलो कोळसा मिळतो. आपण २५ धरू. विक्रेता दीडशेनं घेईल हे विसरा. समजा साधा कोळसा म्हणून २० रुपये किलोनं विकला. १४ हजारांसाठी ७०० किलो कोळसा लागला, म्हणजे २८ क्विंटल पऱ्हाटी. दर महिन्याला. हा फक्त हप्ता झाला. उपटणं, वाहून आणणं, तोडणं, भट्टीजवळ उभं राहणं, या मजुरीचा रुपया अजून धरलाच नाही. शिवाय पऱ्हाटी निघते हंगाम संपल्यावर. पावसाळ्यात ती वाळवायची कुठं आणि ठेवायची कुठं?

बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा मागणी करणाऱ्या गटाच्या अध्यक्षताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यानं हे सांगितलंच नाही. आणि आम्हीही विचारलं नाही."

५. सही किंवा अंगठा करण्याआधी पाच प्रश्न

एक: माल परत घेण्याचा करार लेखी आहे का? भाव, वजन आणि मुदत लिहिली आहे का?

दोन: माल कोणत्या कसोटीवर घेणार? ओलावा किती, राख किती चालेल? नापास झाला तर त्याचं काय होणार?

तीन: आमचा नमुना आधी प्रयोगशाळेत तपासून त्याचा अहवाल आम्हाला देणार का?

चार: हे मशीन वर्षभर चालवणारा दुसरा गट दाखवणार का? त्या बायकांशी आम्ही एकट्या बोलू शकतो का?

पाच: तुमच्याकडून घेतलेला कार्बन पुढे कोणत्या कारखान्यात जातो?

पाचवा प्रश्न म्हणजे काकूंचाच प्रश्न, "घेईल कोण?" गटानं हे पाचही प्रश्न कागदावर लिहून विक्रेत्याला दिले. हा अंक छापायला जाईपर्यंत लेखी उत्तर आलेलं नाही. कर्जाची मागणी गटानं स्वतःहून मागे घेतली आहे.

६. मग आपण काय करू शकतो?

या साखळीत आज आपली जागा कच्च्या मालाची आहे. ती लहान नाही. कारखान्याला दर वेळी एकसारखा माल लागतो. तीन शब्द पाठ करा: वाळलेला, मातीविना, एकजात. पऱ्हाटीत तुराटी मिसळली, खाली माती लागली, अर्धी ओली राहिली, की तिची किंमत उतरते. कांडी कोळसा बनवणाऱ्यांना विकायची असेल तरी हेच तीन शब्द लागू आहेत. मुंबईची सिरकॉट ही कापसावर संशोधन करणारी सरकारी संस्था पऱ्हाटीपासून बोर्ड आणि कांड्या बनवण्यावर बरीच वर्षं काम करते आहे. त्यासाठीही स्वच्छ पऱ्हाटीच लागते.

घरी एक साधा प्रयोग करा. पऱ्हाटी, तुराटी, नारळाची करवंटी आणि गिरणीतला तांदळाचा कोंडा नव्हे, वरचं तूस घ्या. प्रत्येकी एक किलो, कडक वाळलेलं. मोकळ्या जागेत लोखंडी घमेल्यात एकेक पूर्ण जाळा. काळं काही उरेपर्यंत थांबू नका. थंड झाली की राख किराणा दुकानातल्या काट्यावर मोजा. तुसाची राख दीडशे ते दोनशे ग्रॅम निघेल, कारण त्यात वाळूसारखी सिलिका भरपूर असते. करवंटीची राख दहा ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. राख म्हणजे कार्बन नसलेला भाग. करवंटीच्या कोळशाला मागणी का असते, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. पऱ्हाटीची राख किती येते ते लिहून ठेवा. पुढं कुणी खरेदीदार आला तर बोलायला तुमचा स्वतःचा आकडा असेल.

दुसरं, पऱ्हाटी नुसती पेटवून देण्याऐवजी किंवा धुऱ्यावर रचून ठेवण्याऐवजी थोडी कोन खड्ड्यात घालून कोळसा करून बघा. रचलेल्या पऱ्हाटीत न फुटलेली बोंडं राहतात आणि त्यांत गुलाबी बोंडअळी लपून बसते, हे आपल्याला माहीतच आहे.

खड्डा वर तीन फूट रुंद, दोन फूट खोल, खाली निमुळता. तळाशी छोटा जाळ करा. पऱ्हाटीचे तुकडे पातळ थरानं टाका. वरच्या थरावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाकायचा. वरचा जाळ खालच्या थराला हवा लागू देत नाही आणि धूरही बराच जाळून टाकतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून पूर्ण विझवा. दुसऱ्या दिवसापर्यंत कोळसा उघड्यावर पसरून ठेवा, आतला निखारा पुन्हा पेटू शकतो.

सुरक्षेसाठी: वारा नसेल तेव्हाच करा. सुती कपडे घाला, नायलॉनची साडी नको. पाण्याच्या दोन बादल्या जवळ हव्यात. लेकरं दूर ठेवा. आणि गरम कोळसा कधीही बंद खोलीत नेऊ नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि त्यानं झोपेतच जीव जातो.

हा कोळसा बारीक करून शेणखतात महिनाभर मुरवा आणि मग वावरात टाका. तो पाणी आणि अन्नद्रव्य धरून ठेवायला मदत करतो. मात्र आपली काळी जमीन बहुधा आधीच थोडी अल्कधर्मी असते आणि कोळसाही तसाच. म्हणून पहिल्या वर्षी फक्त दोन तासांत टाका. शेजारच्या दोन तासांत नुसतं शेणखत. पीक आलं की दोन्हींची तुलना करा, मग पुढचं ठरवा.

७. शेवटी

तायांनो, सोडियमच्या बॅटरीचा बाजार उद्या वाढू शकतो. तेव्हा कारखान्यांना काडीकचरा लागेल आणि त्यांची माणसं आपल्या गावातही येतील. त्या दिवशी आपल्याकडे वाळलेला, मातीविना, एकजात माल असावा, राखेचा आकडा असावा आणि पाच प्रश्न तोंडपाठ असावेत. नवीन गोष्टीला घाबरायचं नाही. पण गटाचा पैसा हा दर आठवड्याला पोटाला चिमटा घेऊन टाकलेला पैसा आहे. तो चित्र बघून कुणाला द्यायचा नाही. आणि व्हिडिओ दाखवून पुढच्या विषयाकडे पळायचं नाही, हे मी माझ्यासाठी लिहून ठेवलं आहे.

बैठकीत चर्चेसाठी:

• आपल्या गावात कोणता काडीकचरा, कोणत्या महिन्यात, अंदाजे किती निघतो? आज त्याचं काय होतं?

• सरपणासाठी पऱ्हाटी कोणाकोणाला लागते? ती सगळी विकली तर त्या चुलीत काय घालतील?

• आपल्या गटानं आजवर घेतलेल्या एखाद्या मशीनचा हिशेब वरच्या पद्धतीनं मांडून बघा. काय दिसतं?

• राखेचा प्रयोग कोणत्या दोघी करतील? आकडे पुढच्या ग्रामसंघ बैठकीत घेऊन या. सगळ्या गावांचे आकडे एकत्र करून पुढच्या अंकात छापू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक